गिअरबॉक्स उतरवण्याची घाई कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या मोटारींवरचा लेख आवडीने वाचला. मात्र ऑटोमॅटिक गाडी गिअर उशिरा बदलू लागली किंवा बदलताना झटका देऊ लागली, की गिअरबॉक्स उतरवून पूर्ण दुरुस्त करण्याला पर्याय उरत नाही, हे त्यातील सरसकट विधान संगणक येण्यापूर्वीच्या गाड्यांना तरी लागू पडत नाही, आणि त्यावर विसंबून कोणी चांगला गिअरबॉक्स उघडून बसू नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या गिअरबॉक्समध्ये गिअर केव्हा बदलायचा हे तेलाचे दोन दाब ठरवतात. एक दाब गव्हर्नर या गाडीचा वेग ओळखणाऱ्या भागाकडून येतो आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. दुसरा इंजिनवरील भाराबरोबर वाढतो आणि गिअर बदलू न देण्याचा प्रयत्न करतो. पहिला दुसऱ्यावर मात करतो तेव्हा वरचा गिअर पडतो. म्हणजे गिअर उशिरा पडत असेल, तर एक तर भाराचा संदेश खोटा आहे किंवा वेगाचा संदेश अपुरा आहे, आणि यांपैकी भाराचा संदेश गिअरबॉक्सपर्यंत बाहेरूनच येतो. जनरल मोटर्सच्या १९६४ साली आलेल्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये आणि फोर्डच्या सी-४ व सी-६ मध्ये तो इंजिनच्या व्हॅक्यूमच्या नळीतून येतो (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हा व्हॅक्यूम कमी होतो), तर क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये कार्ब्युरेटरला जोडलेल्या दांडीतून.

व्हॅक्यूमची नळी हे या दुखण्याचे सर्वांत दुर्लक्षित मूळ आहे. माझ्या स्वतःच्या गाडीला दुसरा गिअर पडताना मागून कोणी धडक दिल्यासारखा धक्का बसत असे, आणि एका कार्यशाळेने क्लच प्लेट संपल्याचे निदान करून गाडी ठेवून जाण्यास सांगितले होते. प्रत्यक्षात मॉड्युलेटरवर, म्हणजे व्हॅक्यूमवरून तेलाचा दाब ठरवणाऱ्या गिअरबॉक्सवरील भागावर, बसणाऱ्या रबरी नळीला वाकण्याच्या जागी चीर गेली होती. व्हॅक्यूम गळत असल्यामुळे गिअरबॉक्सची समजूत अशी झाली होती, की अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला आहे. म्हणून तो दाब वाढवून उशिरा आणि जोरात गिअर टाकत होता. वीतभर नळी बदलली आणि दुखणे गेले. नळी काढून पाहताना तिच्यात लाल तेल आढळले, तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे असे समजावे. हे तेल इंजिन ओढून घेते, त्यामुळे गाडीखाली थेंब न पडताही पातळी घटते आणि धूर पांढरा होतो. नळीवर मीटर लावला असता सुस्थितीतील इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम दाखवते. तो मुळातच कमी असेल, तर आधी इंजिनाचे टायमिंग पाहावे. कार्ब्युरेटर बदलताना नळी चुकीच्या तोंडावर बसवली जाण्याचा प्रकारही बराच आढळतो.

दांडी किंवा केबल असलेल्या गाड्यांत उलटी चूक अधिक घातक ठरते. टॉर्कफ्लाइटची दांडी सैल राहिली, तर गिअर लवकर आणि लोण्यासारखे पडतात, मालक खूश होतो, आणि तेवढ्या काळात कमी दाबावर घसरणाऱ्या क्लच प्लेट आतल्या आत जळत राहतात. जनरल मोटर्सच्या १९८२ साली आलेल्या ७००आर४ गिअरबॉक्सची केबल चुकीची लावल्यानेही हेच घडते. झटका निदान तक्रार तरी करतो.

तेलाची पातळी इंजिन गरम आणि चालू असतानाच पाहावी. जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत पार्कमध्ये, क्रायस्लरच्या न्यूट्रलमध्ये. अनेक आठवडे उभ्या असलेल्या गाडीच्या टॉर्क कन्व्हर्टरमधील, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या तेलाने भरलेल्या भागातील, तेल खाली उतरते, त्यामुळे इंजिन बंद ठेवून काढलेली पट्टी पातळी फाजील दाखवते. मग कोणीतरी तेल काढून टाकतो आणि पंप हवा ओढू लागतो. तेलाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. फोर्डच्या त्या काळातील बऱ्याच गिअरबॉक्सना टाइप एफ तेल लागते, तर जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन तेलात घर्षण मऊ करणारे घटक असतात. एकाच्या जागी दुसरे भरले की गिअर पडण्याची तऱ्हाच बदलते.

वरचा गिअर अजिबातच पडत नसेल, तर संशय गव्हर्नरवर घ्यावा. टर्बो हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० मध्ये तो बाहेरचे झाकण काढून, गिअरबॉक्स जागेवर ठेवूनच बाहेर घेता येतो, आणि पुष्कळदा नुसता चिकटलेला असतो.

गिअरबॉक्स उघडण्याची वेळ कधीच येत नाही, असे माझे म्हणणे नाही. तेल काळे पडून जळका वास येत असेल, गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठणाऱ्या भांड्यात चकाकणारा धातूचा चुरा असेल (बारीक राखाडी गाळ मात्र वय झालेल्या गिअरबॉक्समध्ये असतोच), किंवा मीटरवर तेलाचा दाब बरोबर असूनही इंजिनाची रेस वाढते आणि गाडी उचल घेत नसेल, तर तो उतरवावाच लागतो. लेखातील सल्ला एवढ्याच परिस्थितीपुरता मर्यादित करून पुढील अंकात तशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक