सूचना : सॅल्मनची सुशी आणि घरगुती मत्स्याहार
ऑस्लो परिसरातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी 11 वाजता आपल्या नेहमीच्या सभागृहात नॉर्वेजियन सॅल्मनची सुशी आणि कमी तेलातले माशांचे पदार्थ शिकविण्यात येतील. 1985 मध्ये नॉर्वेने जपानमध्ये आपला मासा खपविण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा परजीवींच्या भीतीमुळे तेथे पॅसिफिक सॅल्मन कच्चा खात नसत. सुशीतला सॅल्मन रुळला तो त्यानंतरच. मत्स्यशेतीतला सॅल्मन कोरड्या खाद्यावर वाढत असल्याने त्यात हा धोका अत्यल्प असतो, मात्र समुद्रात पकडलेला कॉड किंवा मॅकरेल कच्चा खायचा असल्यास तो आधी उणे 20 अंश सेल्सिअसला किमान 24 तास आतपर्यंत गोठविलेला असावा लागतो.

तांदूळ मंडळातर्फे पुरविला जाईल. इंद्रायणी चिकट होत असला, तरी त्याचा सुवास माशावर कुरघोडी करतो, म्हणून तो कृपया आणू नये. धारदार सुरी मात्र प्रत्येकाने सोबत आणावी. कच्चा मासा न खाणाऱ्यांसाठी हळद-लिंबू लावून ओव्हनमध्ये भाजलेला सॅल्मन असेल, आणि रावसाची आठवण काढणाऱ्यांनाही तो चालावा. मासा शनिवारी ताजा आणावयाचा असल्याने नावे गुरुवारपर्यंत कळवावीत.

– कार्यकारिणी