मंत्रिमहोदय, रुग्ण पडेपर्यंत थांबायचे कशाला?

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पार्किन्सन्सचे रुग्ण माझ्याकडे येतात ते बहुतेक एकदा पडून झाल्यावर. गोळ्या वेळच्या वेळी चालू असतात. व्यायामाबद्दल मात्र ‘थोडं चालत जा’ यापलीकडे कुणी काही सांगितलेले नसते.

गोळ्यांना मी कमी लेखत नाही. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडल्याने हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. लेवोडोपा या औषधाने त्यात मोठा फरक पडतो. पण तोल जाण्यावर आणि चालताना पाय अडकण्यावर गोळीची मात्रा बऱ्याचदा पुरी पडत नाही. हाडे मोडतात ती तिथेच.

पाय अडकणे एकदा प्रत्यक्ष पाहाच. खोलीत बरा चालणारा माणूस दाराशी येतो आणि पाय जमिनीला खिळतात. अंग पुढे झुकते, टाचा उचललेल्या, पावले जागच्या जागी थरथरतात. घरचे काळजीपोटी हात धरून ओढतात आणि नेमका तेव्हाच तोल जातो. ओढायचे नाही. थांबायचे, वजन या पायावरून त्या पायावर घ्यायला लावायचे आणि जमिनीवर चिकटवलेली रंगीत पट्टी ओलांडायला सांगायची. पुष्कळदा पाऊल उचलले जाते! कुणाला पट्टी लागू पडते, कुणाला ‘एक-दोन’चा ताल. आपसूक होणाऱ्या हालचाली या आजारात बिघडतात. बाहेरून खूण मिळाली की मेंदू तेच काम दुसऱ्या वाटेने करून घेतो. गर्रकन न फिरता मोठा वळसा घेऊन वळणे, उठण्याआधी खुर्चीच्या कडेला सरकून पाय मागे घेणे, हेही असेच घटवून घ्यावे लागते, आणि तेही औषधाचा असर चांगला असताना. शेकाचे यंत्र लावून यातले काही साधत नाही, पण फिजिओथेरपी म्हणजे तेवढेच, असा समज कागदोपत्रीही दिसतो.

ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०१७ची मार्गदर्शिका सुरुवातीच्या टप्प्यातच फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याचा विचार करायला सांगते. नेदरलँड्सने २००४पासून या आजारात मुरलेल्या थेरपिस्टचे जाळेच विणले.

व्यायामाने आजार बरा होतो, असा माझा दावा नाही. मागणे एवढेच: निदान होईल त्याच दिवशी फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळावी. आजार जन्मभराचा, तेव्हा ठरावीक बैठका संपल्या की फाइल बंद, असे नको. फेरतपासणी होत राहावी. आणि घरच्या माणसाला शिकवण्यात जाणारा वेळ उपचारातच धरावा, कारण दाराशी पाय अडकतात तेव्हा शेजारी मी नसते, ते असतात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट