पवळ्या घाणेरी खाऊन मेला, साहेब

प्रति,
मा. मंत्रीमहोदय (वने), महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची शेतकरीण. दीड एकर भातखाचर आणि एक डांगी बैलजोडी, एवढ्यावर आमचं घर चालतं. त्या जोडीतला पवळ्या मृगाच्या चौथ्या दिवशी गेला. रोहिणीत वळीव झाला आणि डोंगरावर सगळ्यांत आधी घाणेरी, म्हणजे टणटणीचं विषारी झुडूप, हिरवी झाली. गवत नव्हतंच, म्हणून भुकेल्या बैलाने तिला तोंड लावलं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, शेण बंद. उन्हात बांधला तर नाकाची कातडी सोलून निघाली. सहाव्या दिवशी उठलाच नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, विष यकृतात भिनलं.

गेल्या वर्षी ग्रामसभेत एका साहेबांनी शब्द दिला होता, पावसाआधी घाणेरी मुळासकट काढू, गवताचं बी पेरू. माणसं आली, कोयत्याने गुडघ्याएवढी छाटली, फोटो काढले आणि गेली. बी आलंच नाही. मी एका खुंटाचे फुटवे मोजले, नऊ निघाले. आधी वाकून आत शिरता यायचं, आता कुत्रंही शिरत नाही.

तुम्ही एकदा तिच्याखाली वाकून बघाच. माझ्या सासूबाई याच उतारावरून भारंगी, फोडशी या रानभाज्या आणायच्या. पहिल्या पावसात रानहळद फुलायची. मारवेल, पवना ही गवतं कमरेएवढी वाढायची. आज तिथे भर पावसाळ्यात उघडी माती आणि सडकी पानं आहेत. वर दाट छप्पर, खाली ऊन पोचत नाही. पानांतून, मुळांतून मातीत जे उतरतं, त्यानं दुसऱ्याचं बी नीट रुजत नाही. हिरड्याची फळं तिच्यात पडतात, पण रोप उभं राहिलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. जुने हिरडे आहेत तोवर चार पैसे मिळतात. ते वठले की पुढे काय? त्यात जनावरं गवत खातात आणि तिला टाळतात, बुलबुल तिची फळं खाऊन बी लांब नेतात. म्हणून ती दरवर्षी थोडी पुढे सरकते.

कोलकात्याच्या बागेत दोनशे वर्षांपूर्वी शोभेसाठी आणलेलं हे झुडूप. मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं, २०२० च्या एका अभ्यासात देशातल्या वाघांच्या ४० टक्क्यांहून जास्त मुलखात ते पसरल्याचं आहे. म्हणजे सरकारला माहीत नाही असं नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं ठरलं होतं. लावलेल्या झाडांचे आकडे तुम्ही सांगता. आपोआप उगवणारं किती मेलं, ते कोणत्या रजिस्टरात लिहितात? खड्ड्याला बिल निघतं, छाटणीला बिल निघतं, रुजलेल्या गवताला निघत नाही. पवळ्याला बिबट्याने मारलं असतं, तर पंचनामा होऊन भरपाई मिळाली असती. घाणेरीने मारलं, म्हणून त्याला कागदच नाही. जंगल तुमचं, चराई बंद तुम्ही करायची, आणि बैल मेला की तो एकट्या माझा?

मागणं फार नाही. घाणेरी छाटू नका, जमिनीखाली मूळ तोडून खोड उलटं करून ठेवा, म्हणजे ते परत रुजणार नाही. फळं धरायच्या आत काढा. पुढची तीन वर्षं पक्ष्यांनी टाकलेली रोपं उपटत राहा. मोकळ्या जागेत लगेच पवना, मारवेल पेरा, नाहीतर तीच परत येईल. हे काम गावाला द्या. पैसे कामाच्या दिवशी नाही, दुसऱ्या पावसाळ्यात गवत मोजून द्या.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आहे. चिखलणीला शेजाऱ्यांचा बैल दोन दिवसांच्या बोलीवर मागितलाय. श्रावणात या. साहेबांनी छाटलेली जागा मी दाखवते. येताना कुदळ आणा.

आपली,
एक शेतकरीण, अकोले तालुका