अर्धवट राहिलेल्या गेम्सबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

न खेळलेल्या गेम्सची यादी लांबली म्हणून बॅकलॉग, म्हणजे खेळून संपवायच्या गेम्सचा साठा, अडत नाही, तो अडतो अर्धवट राहिलेल्या गेम्सपाशी. न उघडलेला गेम वर्षभर पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. पण तीस तास खेळून महिनाभर बाजूला पडलेला गेम उघडला की कुठलं बटण कशाचं, या गुहेत आपण कशाला शिरलो, काहीच आठवत नाही. माणूस पाच मिनिटांत बंद करतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. म्हणून गेम थांबवायचा कसा, ते आधी नीट बघ.

मोहिमेच्या मध्यात थांबू नकोस. हातातलं काम संपव, गावात किंवा सेव्ह पॉइंटपाशी ये, आणि गेम परवानगी देत असेल तर स्वतः वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह कर. नुसत्या ऑटोसेव्हवर, म्हणजे गेम आपोआप करतो त्या सेव्हवर, विसंबायचं नाही. तो जुन्यावरच नवं लिहितो, आणि औषधं संपलेली असताना बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, दारात ऑटोसेव्ह झाला तर मागे फिरायला जागा उरत नाही. दोन-तीन स्लॉट आलटून पालटून वापर. मग तीन ओळी लिहून ठेव: आत्ता काय चाललं होतं, पुढे कुठे जायचंय, आणि या गेमची विचित्र बटणं कोणती. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. कथा गेममधल्या जर्नलमध्ये वाचता येते, बोटांची सवय कुठेच लिहिलेली नसते.

परत येशील तेव्हा पहिली वीस मिनिटं मुख्य कथेला हात लावू नकोस. कंट्रोल्सचा मेनू उघड, जुन्या भागात जा, दुबळ्या शत्रूंवर हात साफ कर. तरीही जमेना आणि खेळून झालेले तास पाचच्या आत असतील, तर सरळ पहिल्यापासून सुरू कर. वीसच्या वर असतील तर डिफिकल्टी खाली आण. द विचर 3 सारख्या गेममध्ये ती मध्येच बदलता येते. त्यात कमीपणा नाही.

एका वेळी दोनच गेम चालू ठेव, एक लांब आणि एक छोटा, आणि दोन्ही वेगळ्या जातीचे. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ए बटण उजवीकडे असतं, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर खाली. दोन सारखे अॅक्शन गेम दोन कन्सोलवर आळीपाळीने खेळलीस तर बोटं हमखास चुकतील.

गेमला किती तास लागतील याचा अंदाज हाऊ लाँग टू बीट या वेबसाइटवर मिळतो, पण ‘मुख्य कथा’ आणि ‘सगळं पूर्ण’ हे दोन आकडे वेगळे वाच. पोर्टल सुमारे 3 तासांत संपतो. द विचर 3 ची नुसती कथा 50 तासांच्या आसपास, सगळं करायला गेलीस तर तिपटीहून जास्त. आठवड्याला 7 तास मिळत असतील तर नुसत्या कथेलाच सात आठवडे लागतील. सगळी अचिव्हमेंट्स, म्हणजे गेममधली बक्षीसचिन्हं, मिळवायचा हट्ट एखाद्याच लाडक्या गेमसाठी ठेव.

जे हातातून जाणार आहेत ते आधी खेळ. एक्सबॉक्सच्या गेम पास या वर्गणीतून गेम निघून जातात, आणि प्लेस्टेशनच्या पीएस प्लस वर्गणीतले महिन्याचे गेम सदस्यत्व संपलं की उघडत नाहीत. स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात परतावा साधारणपणे खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच मिळतो. तेव्हा नवीन घेतलेला गेम यादीत टाकण्याआधी दीड तास चालवून बघ. पर्सोना 5 सारख्या गेमला मात्र ही परीक्षा लागू नाही, तिथे पहिले काही तास बोट धरूनच नेतात. आवडला नाही तर यादीत ‘सोडला’ असं लिही. तोही एक निकालच आहे.

जुन्या पीसी गेम्समध्ये आधी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, बघ. 2011 चा मूळ स्कायरिम 60 च्या वर गेला की त्याचं फिजिक्स, म्हणजे वस्तू हलण्या-पडण्याचं गणित, बिघडतं आणि टेबलावरची भांडी उडायला लागतात. 60 वर मर्यादा घाल. मास इफेक्टचे तीन भाग मात्र क्रमानेच खेळ आणि पहिल्याचा सेव्ह जप, कारण त्यातले निर्णय पुढच्या भागांत जातात.

जागा करायला गेम काढण्याआधी सेव्ह कुठे आहे ते तपास. स्टीम क्लाउड, म्हणजे सेव्हची ऑनलाइन प्रत, सगळ्या गेम्सना नसतं. काहींचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असतात, काहींचे गेमच्याच फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर पुसलंस की सेव्हही गेला. निन्टेन्डो स्विचवर सेव्ह कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतो, कार्डावर नाही.

पोकेमॉन गोल्ड किंवा सिल्व्हरची मूळ कार्ट्रिज यादीत असेल तर ती सगळ्यांच्या आधी घे. त्यांचा सेव्ह आतल्या सीआर 2025 बॅटरीवर टिकतो; ती संपली किंवा काढली की सेव्ह पुसला जातो. बॅटरी बदलण्याआधी कार्ट्रिज रीडरने, म्हणजे कार्ट्रिज कॉम्प्युटरला जोडायच्या उपकरणाने, सेव्हची प्रत काढून घे आणि बदलल्यावर ती परत चढव. पोकेमॉनच्याच रुबी-सॅफायरला घाई नाही, तिथे बॅटरी गेली तरी फक्त गेममधलं घड्याळ थांबतं.

तुझा,
बाबा