गोलमटोल टाइप मथळ्यालाच शोभतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बालवाडी आणि पहिलीच्या मुलांसाठी छापल्या जाणाऱ्या मराठी साहित्यात अलीकडे गोल टोकांचा, गुबगुबीत टाइप सर्रास दिसतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मांडलेल्या सरावपुस्तिका चाळल्या, तर मुखपृष्ठावर खुलून दिसणारी ती अक्षरे आतल्या गोष्टींत, सूचनांत आणि चित्रांखालच्या बारीक ओळींतही तशीच उतरलेली आढळतात. मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय आहे आणि हे टाइप मला मनापासून आवडतात. म्हणूनच त्यांच्या या वापराबद्दल लिहावेसे वाटले.

असा टाइप घडवणे सोपे नाही. देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूच्या तिरप्या कापातून आले असल्याने रेघ कुठे जाड, तर कुठे बारीक होते. गोल टाइपात तिची जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी भासावी लागते आणि तरीही ‘क्ष’ किंवा ‘ष्ट्र’मध्ये जिथे अनेक रेघा एकत्र येतात, तिथे ती नकळत बारीक करावी लागते; नाहीतर तिथे काळा गोळाच छापला जातो. टोक गोल केले की काना डोळ्यांना आखूड वाटतो, म्हणून तो किंचित खाली उतरवावा लागतो. सर्वांत कठीण प्रश्न शिरोरेषेचा आहे. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची दोन्ही टोके गोल केली, तर शब्द जुळवताना दर सांध्याला खाच पडते आणि ती सरळ कापली, तर वरच्या बाजूचा गोलपणा हरवतो. मग ही उणीव काना, वेलांटी, उकार आणि अक्षराच्या पोटातून भरून काढावी लागते.

हे काम किती निगुतीने करता येते, ते मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेच्या डिझायनरांनी ‘बालू’ आणि ‘मोदक’ या टाइपांत दाखवून दिले आहे. ‘मोदक’मध्ये अक्षराच्या आतली पोकळी जेमतेम एका बारीक रेघेएवढी उरते आणि तरीही अक्षर ओळखू येते. ‘बालू’ देवनागरीपुरता न थांबता इतर भारतीय लिपींतही गेला. गुजरातीत तो ‘भाई’ झाला, गुरुमुखीत ‘पाजी’, तर तमिळमध्ये ‘तंबी’. हे दोन्ही टाइप मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात आणि व्यावसायिक छपाईतही वापरता येतात, ही मराठी प्रकाशनासाठी मोठीच गोष्ट आहे.

परंतु ते मुळात मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी घडवलेले आहेत. मुखपृष्ठ, खेळण्यांचा खोका, बालनाट्याचे पोस्टर, गणेशोत्सवातल्या मुलांच्या स्पर्धेचा फलक, आइस्क्रीमच्या दुकानाची पाटी अशा ठिकाणी ते लांबूनही चटकन वाचता येतात. तोच टाइप बारा-चौदा पॉइंटांत, म्हणजे पुस्तकातल्या मजकुराच्या लहान आकारात, परिच्छेदभर लावला, की पोकळ्या बुजतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक शिरोरेषेतल्या एका खंडावर आणि छोट्याशा वळणावर किंवा गाठीवर अवलंबून असतो, ‘ब’ आणि ‘व’ यांतला पोटातल्या एका तिरक्या रेघेवर. सरावलेला वाचक संदर्भावरून शब्द ओळखतो. ज्याला अक्षर आज पहिल्यांदा भेटते आहे, त्या मुलाला नेमका हाच फरक ठळक दिसायला हवा आणि नेमका तोच आपण पुसून टाकतो. अक्षर गोड दिसले म्हणून ते वाचायला सोपे असते, हा समज मला फार घातक वाटतो.

यावरचा उपाय खर्चिक नाही. ‘बालू’च्या दुसऱ्या आवृत्तीत रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजने, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पाच पायऱ्या, आहेत; उपशीर्षके आणि चित्रओळींना त्यांतले हलके वजन चालते. सलग मजकुरासाठी त्याच संस्थेचा ‘मुक्त’ हा स्वच्छ, मोकळा टाइप उपलब्ध आहे. पहिलीच्या पुस्तकात त्याचा आकार मोठा ठेवावा आणि मात्रा, रफार, उकार एकमेकांना भिडणार नाहीत इतके अंतर ओळींत सोडावे. फ्लेक्स करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आधीच भरगच्च असलेल्या अक्षराला पुन्हा कृत्रिम ठळकपणा देणे, ते आडवे ताणणे किंवा त्याभोवती दोन रंगांच्या कडा आणि सावली देणे यामुळे डिझायनराने राखलेली बारीक पोकळी पार नाहीशी होते.

आणखी एक बाब मराठीपुरती आहे. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही आपली वळणे राज्य शासनाने २०२२च्या शासन निर्णयात प्रमाण ठरवली आहेत. अनेक देवनागरी फॉन्टांत हिंदी वळणे आधी येतात. फॉन्टमध्ये तशी सोय असल्यास मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवताच आपली वळणे दिसू लागतात. ज्या पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आणि ‘श्रीलिपी’ हे भारतीय लिपींचे सॉफ्टवेअर यांच्यामुळे संगणकावरच्या मराठी छपाईचा पाया रचला गेला, तिथल्या बालपुस्तकांत ही साधी निवड राहून जाऊ नये. बालसाहित्याच्या प्रकाशकांनी आणि शाळांनी छपाईला परवानगी देण्यापूर्वी एक पान प्रत्यक्ष आकारात कागदावर काढून घ्यावे, पहिलीतल्या दोन-चार मुलांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे आणि मुले अडखळतील तिथला टाइप बदलावा.

आपला,
एक अक्षरजुळणीकार,
नारायण पेठ, पुणे