सोलरचे पहिले गार पाणी

महोदय,

नाशकात सध्या पहाटे हुडहुडी भरते. आमचे घर तळमजल्यावर, सोलर चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत. सकाळी नळ सोडला की रात्रभर पाइपात गारठलेले पाणी आधी येते, आणि बहुतेक घरांत ते सरळ मोरीत जाते. परवा मी ते लिटरच्या मापाने मोजले. आठ मापे भरली, तेव्हा कुठे हाताला कोमट लागले! जीव हळहळला.

आता नळाखाली निळी बादली कायमची ठेवली आहे. त्या पाण्यात कपडे भिजतात, कपड्यांचे पाणी संडासात जाते. शिवाय आंघोळी लागोपाठ करतो. आधी सासूबाई, मग मुले, शेवटी मी. पाइप तापलेला असतो, पुन्हा गार पाणी सोडावे लागत नाही. पाइपाला फोमचे वेष्टण घातले तर दोन आंघोळींच्या मध्ये पाणी लवकर निवत नाही; रात्रभरात मात्र ते गार होतेच, म्हणून बादली हवीच.

थंडीत पाण्याची आठवण कोणाला होत नाही. पण गंगापूर धरणातले हेच पाणी आपल्याला मे महिन्यात पुरवायचे आहे. सोसायट्यांनी निदान गच्चीवरचे उघडे पाइप तरी या आठवड्यात झाकून घ्यावेत.

– एक गृहिणी, नाशिक