अंजिरांची पेटी मिळाली

पुणे,
लेंटचा (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा) तिसरा आठवडा

प्रिय आई, प्रिय बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

अंजिरांची पेटी गेल्या शनिवारी मिळाली. आई, तू पानं घालून इतकी नीट लावली होतीस की दिवे घाट उतरूनही एकसुद्धा फुटलं नव्हतं. तळाशी एक मात्र कच्चं निघालं. हिरवं, टणक, देठाशी चीक वाळलेला. पिकेल म्हणून मी ते ओट्यावर खिडकीपाशी ठेवलं. पाच दिवसांत ते सुरकुतलं, मऊही पडलं, पण चावून पाहिलं तर गोडीचं नाव नाही. तेव्हा बाबांचं बोलणं आठवलं : आंब्याला आढी घालता येते, अंजिराला नाही, ते झाडावरच पिकायचं.

हे पत्र त्या एका अंजिरामुळेच लिहायला बसले. फोनवर हे बोलता येत नाही, रडायला येतं.

रविवार शाळेत माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. तेविसावं स्तोत्र पाठ करायला दिलं होतं. तीन आठवडे तो ‘मृत्युच्छायेच्या’ या शब्दापाशी येऊन थांबायचा. तिसऱ्या रविवारी मी सगळ्या मुलांदेखत त्याला फाडकन बोलले. त्याने मान खाली घातली, वहीचा कोपरा दुमडत राहिला, आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही. मग मी त्याच्या घरी गेले. त्याची आई कामावरून रात्री नऊला येते. पाठांतर घ्यायला घरात कुणी नाही. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. दोघांची माफी मागितली. तो दाराची कडी धरून नुसता उभा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. दृढीकरण होऊन, बाप्तिस्म्याच्या वचनांना चर्चमध्ये स्वतः होकार देऊन, बावीस वर्षं झाली. बायबल रोज वाचते, प्रार्थना चुकत नाही, आणि जीभ तशीच. प्रभूला म्हटलं, माझ्यात काही वाढतंय तरी का?

आणि बाबा, तेव्हा तुम्ही आठवलात. मी एकोणीस वर्षांची असताना तरुणांच्या शिबिराहून आले होते, डोळ्यांत नुसतं तेज. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मी तुम्हाला म्हटलं होतं, “तुमच्या प्रार्थनेत आगच नाही, रोज तीच चार वाक्यं.” तुम्ही काही बोलला नाहीत. पहाटे पाटी घेऊन तोडणीला गेलात. आईने मात्र दिवसभर माझ्याशी अबोला धरला होता. ते शब्द मी कधी परत घेतले नाहीत. आज घेते. बाबा, मला क्षमा करा.

गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा इथल्या दवाखान्यात रात्री दोन वाजता तुम्ही बाकावर बसून तीच चार वाक्यं म्हणत होतात. आवाज हलला नाही. मला मात्र त्या रात्री एकही वाक्य सुचत नव्हतं, मी तुमचीच उसनी घेतली. जिला मी थंडपणा समजत होते ती पिकलेली श्रद्धा होती, हे कळायला मला वीस वर्षांहून जास्त लागली.

लूकच्या तेराव्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला मी मुलांना कितीदा सांगितलाय. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मी नेहमी मालकाच्या जागी उभी राहून तो वाचला, स्वतःकडे बघतानाही आणि त्या पोराकडे बघतानाही. पण आपल्याकडे बाग बहाराला कशी धरतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. आधी पाणी तोडायचं. बाग ताणावर सोडली की पानं पिवळी पडून गळतात. मी लहान होते तेव्हा झाडं मेली म्हणून रडले होते. मग छाटणी, मग आळी खणून शेणखत, मग पाणी. ताण नीट बसला नाही तर बहार नीट फुटत नाही, असं बाबा म्हणत. माझ्या प्रार्थनेतले कोरडे महिने मी आजवर शिक्षाच समजत आले. त्यातले काही तरी ताणाचे असतील, असं आता वाटतं. सगळे नसतील. काही माझ्या आळसाचेच होते.

मागच्या महिन्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेले होते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी खुद्द ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढी विदुषी, विधवांसाठी शारदा सदन चालवणारी बाई, आणि हे कबूल करते! नंतर हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. त्या १९२२ साली गेल्या आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली. तिथल्या झाडाखाली मी बराच वेळ बसले होते. मला सगळं याच वर्षी हवं असतं, याची लाज वाटली.

तो मुलगा या रविवारी आला. ‘मृत्युच्छायेच्या’पाशी अडखळला. मी थांबले. वर्ग चुळबुळू लागला तरी थांबले. शेवटी त्याने ती ओळ गाळली आणि पुढची म्हटली. मी पुढची ऐकून घेतली.

पुढच्या शनिवारी हडपसरहून सासवडची गाडी धरून येते. आई, गुडघ्याचं तेल आणते, तू ओट्यापाशी उभी राहू नकोस, स्वयंपाक मी करीन. रविवारी पहाटे तोडणीला मला उठवा. चिकाने हात खाजतात म्हणून लहानपणी पळायचे, आता हातमोजे आणतेय. आणि बाबा, शनिवारी रात्रीची प्रार्थना तुम्हीच करा. तीच चार वाक्यं.

तुमची,
ताई